ऊन लागलं म्हणे!

मला ऊन लागलेलं नव्हतं. हे आधी सांगून टाकते, कारण गेल्या शनिवारपासून आमचे शेजारी, दोन मावश्या आणि नागपुरातलं अर्धं सीताबर्डी हेच धरून बसले आहेत. घरी रोज कुणाकडून तरी कैरीचं पन्हं येऊन राहिलंय. काल समोरच्या काकूंनी पांढरा कांदा आणून दिला, पर्समध्ये ठेव म्हणे, लू बाधत नाही. ठेवलाय. आता पर्स उघडली की त्या वासानेच मळमळतं, पण हे काकूंना कोण सांगणार?

झालं असं. चुलतभावाचं लग्न आहे, म्हणून आई आणि मी सीताबर्डीच्या मेन रोडला चपला घ्यायला गेलो. मी सकाळी दुकानं उघडताना जाऊ म्हणत होते. आई म्हणाली संध्याकाळी, कपडेही बघू. मी कानावर लावायचे मोठे कानबंद घेतले होते, कारखान्यात कामगार लावतात तसे. तेही तिने रिक्षातच काढून पिशवीत ठेवायला लावले. "लोक बघतात गं."

शनिवार, संध्याकाळचे सहा, लग्नसराई. एका दुकानाच्या दारात भोंगा, 'दो सौ, दो सौ, कोई भी उठाओ दो सौ'. शेजारच्या दुकानात गाणं, त्याच्यापेक्षा मोठ्याने. गर्दीत घुसलेले दुचाकीवाले हॉर्नवरचा अंगठा काढतच नाहीत. तळणाचा वास, त्यावर उदबत्तीचा धूर. दर दोन पावलांनी कुणाची तरी पिशवी दंडाला घासते. आणि ते पांढरे दिवे! चपलेच्या दुकानात ऑपरेशन थेटरचा उजेड कशाला लागतो हो? आई विचारत होती, काळी घेऊ की चॉकलेटी. तिचा आवाज, भोंगा, हॉर्न, सगळं सारख्याच जोराने आत येत होतं. तुमच्या डोक्यात बहुतेक कुणी दरवान असतो, आईला आत घेतो आणि भोंग्याला बाहेर थांबवतो. माझ्याकडे ती पोस्ट पहिल्यापासून रिकामी आहे.

मी पायरीवर बसले. कान दाबले, डोळे मिटले आणि पुढे-मागे डुलायला लागले. त्या डुलण्यानेच मी सावरते. बघणाऱ्याला ते विचित्र दिसतं, मला माहीत आहे.

मग जमली मंडळी. "फिट आली, फिट!" एका भल्या माणसाने पायातली चप्पल काढून माझ्या नाकाशी धरली. चपलेच्या दुकानात बसलेय मी, आजूबाजूला शेकडो कोऱ्या चपला, आणि हा घामाची धरतो! एक बाई म्हणाली, अंगात आलं वाटते. मागून कुणीतरी, "पोट्टी पिऊन आहे का बे?" तोंडावर पाणी मारलं. खांदे धरून गदागदा हलवलं, "बोल बेटा, बोल." अशा वेळी मला बोलता येत नाही. शब्द ठाऊक असतात, तोंडापर्यंत पोचत नाहीत. एक पोट्टा मोबाइल धरून उभा, शूटिंग चालू. मग एकीचा निकाल, "नाटकं करून राहिली, काही नाही झालं. आजकालच्या पोरी!"

आणि तेव्हा आई बोलली. "ऊन लागलं हो तिले. दुपारभर फिरलो."

काय सांगू तुम्हाला. तीच माणसं, तोच रस्ता! "अरे हटा, हवा येऊ द्या." दुकानदाराने आपला स्टूल दिला. कुणी लिंबू-सरबत आणलं. पोट्ट्याने मोबाइल खिशात घातला. आणि दुकानदार नोकरावर खेकसला, "अबे, तो भोंगा बंद कर, बाई पडली इथं." भोंगा बंद! सगळं मिळालं. जागा, सावली, शांतता, माया. फक्त कारण खोटं सांगावं लागलं.

तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे, उन्हाने नव्हे.

पारा ४५ च्या वर गेला की नागपुरात कुणी भोवळ येऊन पडलेल्याला विचारतं का, की आम्हीही याच उन्हात आहोत, आम्हाला कसं नाही लागलं? रोज थोडं थोडं उन्हात उभं राहत जा, सवय होईल, असं म्हणतं का कुणी? दुपट्टा बांधलेल्याला कुणी हसतं का? उलट दुपारी बाराला उघड्या डोक्याने निघालात तर अनोळखी पानवालाही रागावतो. ऊन सगळ्यांना सारखं सोसत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मग आवाजाचं काऊन कळत नाही? उजेडाचं, वासाचं, स्पर्शाचं? मी एकोणतीस वर्षांची आहे, या वयापर्यंत "सवय कर" किती वेळा ऐकलं याची मोजदाद ठेवली असती तर वही भरली असती. सवय होत नाही. सहन केलेलं आत साचत जातं आणि भलत्याच क्षणी फुटतं, तेही चमचा पडल्याच्या आवाजाने. मग सगळे म्हणतात, एवढ्याशा चमच्याने?

आणि माझ्या या ऑटिझमला आमच्या भाषेने दिलेलं नाव तरी बघा. स्वमग्न! म्हणजे स्वतःत बुडालेली, बाहेरचं भान नसलेली. अहो, मला तर बाहेरचंच भान इतकं आहे की स्वतःत जायला वाट मिळत नाही. तिसऱ्या टेबलावरच्या ट्यूबलाइटची गुणगुण मला ऐकू येते. ऑफिसात कुणी शांपू बदलला की कळतं. शाळेत मला भैताड म्हणायचे, ते त्यामानाने परवडलं, निदान शास्त्रीय असल्याचा आव तरी नव्हता.

शास्त्राचंही ऐका. लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरने १९४३ साली अकरा मुलांवर जो पहिला लेख लिहिला, त्यातच आहे की ही पोरं व्हॅक्यूम क्लीनरला, लिफ्टला, अंडी फेटायच्या यंत्रालाही घाबरतात. हेही आहे की तेच पोर स्वतः तेवढाच आवाज खुशाल करतं. त्रास होतो तो न विचारता आत घुसणाऱ्या आवाजाचा. आता आमच्या घरचा कूलर घ्या. खसाच्या ताट्या लावलेला, जुना, ट्रकसारखा घरघरतो. त्याच्यासमोर मी बाळासारखी झोपते, कारण तो काल जसा वाजला तसाच आज वाजतो. पण कुकरची शिट्टी! कधी होईल याचा नेम नाही. यावरून आत्याचं ठरलेलं वाक्य, "कूलर चालतो आणि कुकर नाही? सोयीचं आहे तुझं दुखणं." कॅनरने जे लिहिलं, ते जगभर निदानासाठी वापरतात त्या अमेरिकी पुस्तकाच्या निकषांत स्पष्ट शब्दांत यायला २०१३ उजाडलं. सत्तर वर्षं. मग आत्याला तरी काय बोलायचं!

कायद्यात मी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात स्वमग्नताही आहे. माझ्याकडे कार्ड आहे. ते दाखवलं की समोरचा आधी माझे हात बघतो, मग पाय, मग म्हणतो, "दिसत तर नाही." दिसायला काय हवं होतं, शेपूट?

आवाजाचा कायदाही आहे म्हणे, २००० सालचा. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, बाजारात दिवसा ६५. आमच्या गल्लीतून वरात गेली तेव्हा मी खिडकी लावून मोबाइलवर मोजलं, ९० च्या वर. मोबाइलचं ॲप काही कोर्टात चालत नाही, ठीक आहे. पण खिडकीच्या काचा थरथरत होत्या, त्यांना तर कुठलं निदान झालेलं नाही ना? त्यातही गंमत अशी, की डीजेपुढे कानात बोटं घालून उभे असलेले आजोबा सगळ्यांना चालतात. मी कानबंद लावले की शिष्ट, आगाऊ, "आमचं बोलणं ऐकायचं नाही वाटते हिला."

आईवर राग आहे आणि नाहीही. तिने त्या दिवशी मला वाचवलं. पण रात्री मी विचारलं, खरं का नाही सांगितलंस? ती पोळ्या लाटत होती, लाटतच राहिली. म्हणाली, "खरं सांगायला अर्धा तास लागला असता. तुझ्याजवळ अर्धा तास होता का?"

नव्हता.

लग्न बारा तारखेला, रात्रीचं. काकांनी सांगितलंय, डीजे फक्त वरातीपुरता, एकच तास. भावाने स्वतः फोन करून विचारलं, येशील ना? येणार आहे. कानबंद लावूनच येणार, साडीवर. आईने त्याचीही तयारी केलीय. कुणी विचारलं तर सांगायचं, मागे ऊन लागलं होतं, अजून कान गरम होतात.

"रात्री नऊ वाजता?" मी म्हटलं.

"नागपूर आहे," आई म्हणाली. "चालून जातं."

चप्पल अजून घ्यायचीच आहे.