पोटावरच्या गळवाची नोट कशी लिहावी (म्हणजे कोडर परत हसणार नाही)

डॉक्टर मंडळी, आणि त्यांचं बोलणं ऐकत ऐकत नोट टाइप करणारे स्क्राइब लोक, हे खास तुमच्यासाठी. मी चार्ट कोड करते, अमेरिकेतल्या पेशंटचे, म्हणजे नोट वाचून बिलासाठी आजाराला आयसीडी-१०-सीएमचा आणि केलेल्या प्रोसिजरला सीपीटीचा कोड लावते. मागच्या आठवड्यात एका चार्टने मला जे ज्ञान दिलं ते एकटीनेच ठेवून घेणं बरं नाही, म्हणून या टिप्स.

डायग्नोसिस नेहमी एका ओळीत उरका. "ॲब्डॉमिनल ॲब्सेस. आय अँड डी डन." म्हणजे पोटाचं गळू, चीर देऊन पू काढला. बास. ते गळू पोटाच्या कातडीत आहे की पोटाच्या आत आतड्यांच्या शेजारी, हे अजिबात सांगू नका. कातडीत असेल तर एल०२.२११, आत पेरिटोनियममध्ये, म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तरात, असेल तर के६५.१. एकात चीर देऊन, ड्रेसिंग करून पेशंट घरी जातो आणि दुसऱ्यात जीवावर बेतू शकतं, पण दोन्ही पोटच ना. "वॉल" एवढा एक शब्द टाइप करण्यात उगाच बोटं कशाला झिजवायची, कोडरच्या अंगात येतं, ती ओळखेल.

एक्झाम कॉपी-पेस्टच पाहिजे. माझ्या चार्टमध्ये एक्झाममध्ये लिहिलंय "पोट मऊ, दुखत नाही, स्किन इंटॅक्ट, कुठेही लीजन नाही" आणि बरोबर चार ओळी खाली प्रोसिजरमध्ये "बेंबीखाली लाल, गरम, पिळपिळीत गाठ, चीर दिल्यावर भरपूर पू." स्किन इंटॅक्ट आणि आतून भरपूर पू, चमत्कारच म्हणायचा.

गळू, केसतूड, काळपुळी सगळ्यांना "बॉइल" म्हणा. मराठीत बापड्या तिघांना तीन नावं आहेत आणि आयसीडीतही तीन कोड आहेत, एल०२.२११, एल०२.२२१, एल०२.२३१, पण तुम्ही एकाच शब्दात सगळ्यांना समान वागणूक द्या.

जागा लिहायचीच झाली तर "ट्रंक", म्हणजे अख्खं धड, लिहा. २०१५ च्या १ ऑक्टोबरच्या आधी जुन्या आयसीडी-९ च्या ६८२.२ मध्ये पोट, पाठ, छाती, जांघ, गळू, सेल्युलायटिस (कातडीत पसरणारं इन्फेक्शन) सगळं एकाच पोत्यात जायचं, तो सुवर्णकाळ आपण सोडलेला नाही. नाहीतर "लोअर ॲब्डोमेन/ग्रॉइन" असं तिरकी रेघ मारून लिहा, जांघेचा कोड वेगळा आहे म्हणून काय झालं. किंवा "पेरिअंबिलिकल". बेंबीचा सुद्धा स्वतःचा कोड आहे, एल०२.२१६, आणि तुमच्या या शब्दात गळू बेंबीत आहे की बेंबीच्या शेजारी राहायला आलंय हे आम्ही चिंतन करून ठरवतो.

ओपीडीत "प्रॉबेबल ॲब्सेस" लिहा, म्हणजे आम्हाला ॲब्सेस कोड करता येत नाही, सूज कोड करून गप्प बसतो.

"ड्रेन केलं" म्हणजे चीर दिली, सुईने ओढलं की पेशंट यायच्या आधी आपोआपच फुटलं होतं, हे गुपित राहू द्या. पहिल्याला सीपीटीचा १००६० (सिंपल) किंवा १००६१ (कॉम्प्लिकेटेड), दुसऱ्याला १०१६०, तिसऱ्याला काहीच नाही.

आत कप्पे होते ते बोटाने मोडले, पॅकिंग घातलं, दोन ठिकाणी चीर दिली, यातलं काही लिहू नका. सिंपल की कॉम्प्लिकेटेड याची सीपीटीत पक्की व्याख्या नाहीये, डॉक्टरने ठरवायचं आणि ते नोटमध्ये दिसायचं. ते दिसलं नाही की १००६० जातो, मग महिनाअखेरीला "माझा १००६१ का नाही गेला" म्हणून कडक मेल टाका. आम्ही वाट बघत असतो.

कल्चरमध्ये एमआरएसए (नेहमीच्या अँटिबायोटिकना न जुमानणारा जंतू) आला तर लॅब रिपोर्ट नुसता तिथे पडू द्या. फक्त रिपोर्ट बघून त्याचा कोड, बी९५.६२, आम्हाला लावता येत नाही, तुम्ही स्वतः लिहावं लागतं, पण तुम्ही काय ते मनात ठेवा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची टिप. पेशंटचं नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल तर ते कुठेतरी कोपऱ्यात टाका. माझ्या चार्टमध्ये हिस्टरीच्या शेवटी होतं, "एस/पी हर्निया रिपेअर, तीन आठवडे", म्हणजे हर्नियाचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे. नर्सच्या नोटमध्ये "टाक्यांच्या रेषेजवळ सूज." डॉक्टरच्या नोटमध्ये त्या टाक्यांचा शब्द नाही. आता हे ऑपरेशनच्या जखमेचं इन्फेक्शन असेल तर टी८१.४१एक्सए, ते कोड २०१८ च्या ऑक्टोबरपासून वरवरचं, खोल, अवयवापर्यंत असे मुद्दाम वेगळे केलेत, आणि चीर द्यायचा कोडसुद्धा १०१८० होऊ शकतो. तसं नसेल तर साधं एल०२.२११. आणि कोडरने स्वतः ठरवायचं नाही, ऑपरेशननंतर झालं म्हणजे ऑपरेशनमुळेच झालं असं धरायचं नाही, डॉक्टरने तसा संबंध लिहायला हवा, हे गाइडलाइनमध्येच आहे. म्हणून मी क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी प्रश्न, टाकली. नीट, शहाण्यासारखी, कोणतंही उत्तर तोंडात न घालता, चार पर्याय देऊन: ऑपरेशनच्या जखमेचं इन्फेक्शन, ऑपरेशनशी संबंध नाही, इतर, सांगता येत नाही. नऊ दिवस चार्ट होल्डवर, टीम लीड रोज विचारतोय हा अजून अनबिल्ड (बिल न गेलेला) का, आणि नवव्या दिवशी उत्तर आलं.

"ॲग्री."

कशाला ॲग्री?! चार पर्याय आहेत हो, त्यातला एक दुसऱ्याच्या बरोबर उलटा आहे, आणि तुम्ही चौघांनाही मान डोलावलीत! वरून दबाव होता, मी २११ टाकून सोडला, ऑडिटरने एरर लावली, "परत क्वेरी करायला हवी होती." ऑडिटर बरोबर आहे, हेच जास्त लागतं. मार्क माझे गेले. डॉक्टरांच्या नावापुढे काहीही लागलं नाही, त्यांना कोणी ऑडिटच करत नाही.

जाऊ दे, टिप्स बास झाल्या. तुम्ही त्या पेशंटच्या पोटावर स्वतः हात ठेवलात, स्वतः चीर दिलीत, बोट आत घालून बघितलंत, म्हणजे ते कुठे होतं, किती खोल होतं, टाक्यांशी संबंध होता की नाही हे सगळ्या जगात फक्त तुम्हाला माहिती आहे, आणि ते लिहायला तुम्हाला दहा शब्द जड होतात? या गळवाचा कोड डावं-उजवं विचारत नाही, सेंटिमीटर विचारत नाही, कातडीत की आत, नेमकं काय आणि कुठे, ऑपरेशनचं की नाही, एवढंच विचारतो. आणि स्क्राइब लोकांनो, तुम्ही तर आपलेच आहात, डॉक्टर बोलले नाहीत तर विचारा ना, मागची एक्झाम ओढून खाली चिकटवताना एकदा वाचत तरी जा. उद्या तोच पेशंट दुसऱ्या हॉस्पिटलला गेला तर तिथे "स्किन इंटॅक्ट"च वाचणार आहेत.

क्वेरी परत पाठवलीय. या वेळी पर्यायांना नंबर दिलेत. उत्तरात एक आकडा लिहायचाय.