गरिबी विकली म्हणे!

भाचीनं या सुट्टीत सत्यजित राय ओळीनं बघायचे ठरवले होते, अगदी माहितीपटांसकट. परवा तिनं काकांकडून आलेला एक फॉरवर्ड मला पाठवला आणि खाली विचारलं, “मावशी, खरंय का गं हे? मग कशाला बघू?” मजकूर थोडक्यात असा: राय यांनी परदेशी पैशावर भारताची गरिबी विकून ऑस्कर मिळवलं; त्यांचा एक सिनेमा पाहिला की सगळे पाहिले; खुद्द नर्गिस हे संसदेत बोलल्या होत्या.

परदेशी पैसा! ‘पथेर पांचाली’ या पहिल्या सिनेमासाठी या माणसानं विम्याची पॉलिसी गहाण टाकली, रेकॉर्डी विकल्या, बायकोचे दागिने गहाण पडले. जाहिरात कंपनीतली नोकरी सांभाळून रविवारी शूटिंग. त्यातली भावंडं अपू-दुर्गा पांढऱ्या काशफुलांतून आगगाडी बघायला जातात ना, ते अर्धंच झालं होतं. पुढच्या रविवारी जाऊन बघतात तर गुरांनी फुलं फस्त केलेली! पुन्हा फुलं येईपर्यंत थांबावं लागलं, म्हणजे पुढचा हंगाम. शेवटी पैसे दिले ते पश्चिम बंगाल सरकारनं, आणि तेही रस्तेसुधारणेच्या खात्यातून, कारण नावात ‘पथ’ होता.

हां, ‘पथेर पांचाली’चा पहिला खेळ मे १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयात झाला, कोलकात्यात ऑगस्टमध्ये. १९९० च्या ‘शाखा प्रशाखा’ला फ्रेंच निर्माते होते. एवढं मान्य. ऑस्कर म्हणाल तर ते एका सिनेमाला नाही, १९९२ मध्ये साऱ्या कारकिर्दीसाठी मिळालं, आणि राय यांनी ते कोलकात्याच्या रुग्णालयात खाटेवरून स्वीकारलं.

‘एक पाहिला की सगळे’ लिहिणाऱ्यानं तो एक तरी पाहिलाय का, शंकाच आहे. ‘नायक’मध्ये सिनेमाचा हिरो आगगाडीत, ‘सीमाबद्ध’मध्ये पंख्यांच्या कंपनीतला साहेब, ‘गुपी गाइन बाघा बाइन’मध्ये चक्क भुतांचा नाच. ‘चारुलता’तली चारू सुखवस्तू घरात दुपारभर एकटी, छोटी दुर्बीण घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत रस्ता बघत फिरते. नवरा पुस्तकात डोकं घालून तिच्या शेजारून निघून जातो, तर ती त्यालाही दुर्बिणीतूनच बघते. यात गरिबी कुठे?

नर्गिस बोलल्या होत्या, हे खरं. पण मग आधुनिक भारत म्हणून दाखवायचं काय, असं एका मुलाखतीत विचारल्यावर त्यांचं उत्तर होतं, “धरणं.” तोवर राय यांचे वीसहून जास्त सिनेमे येऊन गेले होते.

आणि गरिबी जिथे दाखवली, ती त्यांनी कुणाला विकली? ‘सद्गती’ हिंदीत आहे, १९८१ चा, दूरदर्शनसाठी केलेला. ओम पुरी, स्मिता पाटील, आपले मोहन आगाशे. उपाशीपोटी ओंडका फोडता फोडता ओम पुरींचा ‘दुखी’ मरतो आणि आगाशेंचा पंडित प्रेताला हात न लावता, पायाला दोर अडकवून ते ओढत नेतो. जेमतेम तासाभराचा आहे. भाचीला म्हटलं, वाटल्यास इथून सुरुवात कर. काकांनाही नाव कळवलंय. निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.