बरे न होणाऱ्यांचा विश्वास

“देव प्रत्येक आजाऱ्याला बरे करतो; तुम्ही बरे झाला नाहीत, तर तुमचा विश्वास कमी पडला,” हे वाक्य अलीकडे सोलापुरातल्या प्रार्थनासभांमधून इतक्या सहज ऐकू येते, की ते पवित्र शास्त्रातलेच, म्हणजे बायबलमधलेच, वचन असावे असे नव्या विश्वासणाऱ्यांना वाटू लागले आहे. देव आजही बरे करतो असे मी मानतो आणि घरात कोणी आजारी पडले की आधी गुडघे टेकतो. माझा आक्षेप आहे तो हमी देण्याला, आणि हमी फसली की तिचा बोजा आजाऱ्याच्याच माथी मारण्याला.

या हमीचा मुख्य आधार म्हणजे यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ५३ व्या अध्यायातले “त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झाले” हे वचन. येशूचा शिष्य पेत्र आपल्या पहिल्या पत्रात ते घेतो तेव्हा पाप आणि बहकलेली मेंढरे यांच्याविषयी बोलत असतो, दुखण्यांविषयी नाही. शुभवर्तमान लिहिणारा मत्तय मात्र त्याच अध्यायातले आधीचे वचन येशूने रोग्यांना बरे केल्याच्या प्रसंगी देतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. म्हणजे वधस्तंभाच्या कार्यात शरीराचे आरोग्य येते, यात शंका नाही. पण त्याच कार्यात मरणावरचा विजयही येतो, आणि तरीही येशूने मेलेल्यांतून उठवल्यावर कबरेतून बाहेर आलेला लाजरसुद्धा पुढे केव्हातरी पुन्हा मेलाच असणार. शरीराच्या मुक्तीची आपण अजून वाट पाहत आहोत, असे प्रेषित पौल रोमकरांस पत्रात लिहितो.

पौलाचेच पाहा. इफिस शहरात त्याच्या अंगावरचे रुमाल आणि फडकी नेऊन रोग्यांवर घातली की ते बरे होत, असे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. त्रफिम त्याच इफिसाचा, शिवाय पौलाच्या सोबत प्रवास केलेला. त्याला मात्र मिलेतात आजारी सोडून यावे लागले, असे पौल तीमथ्याला एका ओळीत कळवतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. त्रफिमाने कोणते पाप लपवले होते, याची चौकशी तो करत नाही. ज्या त्रासाला तो ‘शरीरातला काटा’ म्हणतो, तो दूर व्हावा म्हणून त्याने देवाला तीनदा विनवणी केली, तेव्हा त्याला उत्तर मिळाले ते “माझी कृपा तुला पुरे आहे” असे.

पुण्याला जाताना केडगाव लागते, तिथे पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रियांसाठी उभारलेले मुक्ती मिशन आहे. १९०५ साली ज्या मुक्तीत प्रार्थनेचे मोठे संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी जागृती, झाले, त्याच मुक्तीचा भार उचलणारी रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा १९२१ मध्ये चाळिशीतच गेली, आणि पुढच्या वर्षी रमाबाईही गेल्या. तिथे विश्वास कमी पडला, असे म्हणायची कोणाची छाती आहे?

आमच्या ओळखीच्या एका मावशींना मात्र ते तोंडावर ऐकवले गेले. बाहेरून आलेल्या एका प्रचारकाने इन्सुलिन घेणे म्हणजे अविश्वास असे सांगितल्यावर त्यांनी फ्रिजमधली बाटली दह्याच्या भांड्यामागे सरकवून ठेवली आणि सुनेला ‘घेतले’ असे सांगत राहिल्या. पायाची जखम चिघळून अंगठा काढावा लागला, तेव्हा त्याच सभेतल्या बहिणी भेटायला आल्या आणि मनात संशय होता का, असे विचारून गेल्या. जन्मांध माणसाला पाहून “पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी?” असे शिष्यांनी विचारले होते, येशूने दोन्ही पर्याय नाकारले, तरी आपले विचारणे काही थांबत नाही.

आणि औषधाशी वैर कशासाठी? पौलाचा सोबती लूक वैद्य होता. मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय उभे केले, ते प्रार्थनेवर विश्वास नव्हता म्हणून नव्हे.

आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलवावे आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे याकोब आपल्या पत्रात सांगतो. हा पाठ आपण मंचावरून उतरवून पुन्हा घरात न्यावा, असे मला वाटते. वडिलांनी घरी जाऊन तेल लावावे, प्रार्थना करावी, गोळ्या वेळेवर चालू आहेत ना हे विचारावे, आणि बार्शीला केमोची तारीख असेल तर सोबत कोण जाणार, हे तिथेच बसून ठरवावे. तीन महिन्यांनी त्या माणसाची प्रकृती सुधारलेली नसेल, तरीही रविवारच्या उपासनेत त्याला साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगायला, उभे करावे.