तीन-पंचमांश कुणाच्या फायद्याचे?

रविवारी चहा यायच्या आधीच अण्णा पेटले. त्यांच्या पणजोबांचे भाऊ कोकणातून गिरमिटावर मॉरिशसला गेलेले, त्यामुळे करारावरचा मजूर हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. म्हणाले, "अमेरिकेत गोरेही विकले जायचे. बोटीच्या भाड्यापायी चार ते सात वर्षं मळ्यात राबायचं, मालकाने करार दुसऱ्याला विकला तरी बोलायचं नाही. गुलामीच की ती!"

यूपीएससीची तयारी करणारी सायली म्हणाली, "काका, हाल सारखे असतील. शेवट सारखा नव्हता." मग तिने १६४० सालचा व्हर्जिनियातला खटला सांगितला. तिघे नोकर मेरीलँडला पळाले, पकडले गेले. तिघांनाही तीस-तीस फटके. त्यानंतर दोघा गोऱ्यांची मुदत चार वर्षांनी वाढवली आणि जॉन पंच या काळ्या माणसाला मरेपर्यंतची चाकरी. १६६२ मध्ये तिथेच कायदा झाला की मूल आईच्या दर्जाचं. आई गुलाम तर मूलही गुलाम, बाप खुद्द मालक असला तरी.

अण्णा गप्प झाले. गिरमिट्याचं पोर गिरमिट घेऊन जन्माला येत नाही, हे त्यांना सांगायला नको होतं.

तेवढ्यात बंड्या म्हणाला, "अमेरिकेच्या संविधानात तर काळ्या गुलामाला तीन-पंचमांश माणूस म्हटलंय. पूर्ण का नाही मोजलं?"

हे मी इतक्यांदा ऐकलंय की राहवलं नाही. अरे, पूर्ण मोजा असा हट्ट गुलाम बाळगणाऱ्या राज्यांचाच होता! १७८७ मध्ये फिलाडेल्फियात संविधान लिहिताना भांडण चाललं होतं ते प्रतिनिधिगृहातल्या जागांचं. गुलामाला मत नाही, पण त्याचं डोकं मोजलं की मालकाच्या राज्याच्या जागा वाढणार. पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी मॉरिस यांनी तिथेच विचारलं होतं, ती माणसं आहेत ना? मग त्यांना नागरिक करा, मत द्या. कुणी केलं नाही. १७९० च्या जनगणनेत व्हर्जिनियात ७,४७,६१० माणसं, त्यांतले २,९२,६२७ गुलाम. त्यांचे तीन-पंचमांश म्हणजे पावणेदोन लाखांच्या वर. ३३,००० मागे एक जागा. करा हिशेब. राज्याला १९ जागा मिळाल्या, त्यांतल्या पाच तरी अशा माणसांच्या जिवावर, ज्यांना त्या सभागृहाच्या पायरीवरही कुणी उभं केलं नसतं.

सायलीने फोनवर कलम काढलं आणि अण्णांना मराठीत सांगितलं. स्वतंत्र माणसं पूर्ण धरायची, 'ठरावीक वर्षांसाठी सेवेला बांधलेले' त्यांतच धरायचे, कर न भरणारे 'इंडियन' म्हणजे तिथले मूळ रहिवासी वगळायचे, आणि 'इतर सर्व व्यक्तीं'चे तीन-पंचमांश. "गुलाम हा शब्दच टाळलाय, काका. आणि तुमचे करारवाले बघा, अख्खे मोजलेत."

अण्णांनी चष्मा चढवून दोनदा वाचलं. "म्हणजे लिहिणाऱ्यांना फरक पक्का ठाऊक होता," म्हणाले.

"मग शून्य धरायला हवं होतं?" बंड्याने विचारलं.

"हो," मी म्हणालो. "मत मिळेपर्यंत शून्य."

हे मात्र अण्णांना अजिबात पटलं नाही. "मालकाची जागा कमी करायला माणूसच कागदावरून पुसायचा? त्यात 'व्यक्ती' लिहिलंय ना, तेवढं तरी राहू दे."

चहा गार झाला तरी आम्ही दोघं तिथेच अडून होतो.