क्रेडिट पूर्ण करण्याचे खात्रीशीर उपाय

यंदा लेकरू बीएला घातलंय? अभिनंदन. तीन वर्षांत १३२ क्रेडिट गोळा करायचे आहेत, दर सेमिस्टरला २२. क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे तास मोजायचं माप, विषय पास झाला की ते खात्यावर चढतं. घाबरू नका. आमच्या घरात नुकताच या विषयाचा सखोल अभ्यास झालेला आहे, त्यातले काही उपाय फुकटात देतो.

आधी तास समजून घ्या. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास, प्रॅक्टिकलचं एक म्हणजे ३०. २०२३ चा राष्ट्रीय क्रेडिट आराखडा तर वर्ग, प्रॅक्टिकल, घरचा अभ्यास असं सगळं धरून ३० तासांना एक क्रेडिट देतो. २२ ला ३० ने गुणा, १५ आठवड्यांनी भागा. आठवड्याला ४४ तास. म्हणजे रविवार सोडून रोज सात तास आणि वर थोडा प्रसाद. सकाळच्या एसटीनं तालुक्याला येऊन दोनच्या गाडीनं गावी परतणाऱ्या पोरीनं हे सात तास कुठं बसवायचे, असं विचारू नका. एसटीचं वेळापत्रक आराखड्यात नाही.

पंधरा आठवडे कुठून आणायचे, हेही विचारू नका. प्रवेश पोळ्यापर्यंत चालू. मग गणपती, महालक्ष्म्या, नवरात्र. मधे युवक महोत्सव, सरांना निवडणुकीची ड्युटी, कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती येणार म्हणून भिंतींना रंग. दिवाळी झाली की परीक्षा. तरी रजिस्टरात पंधरा आठवडे भरतात. श्रद्धा ठेवा.

हजेरी ७५ टक्के लागते. ती असतेच.

शिकवायला कोण येणार ही चिंताही सोडा. तासिका तत्त्वावरचे सर येतील. नेमणुकीचं पत्र निघेल तेव्हा येतील, घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतील आणि तेही बिल मंजूर होईल तेव्हा. गंमत बघा, ही तास मोजायची पद्धत अमेरिकेत रुजली तीच मुळात प्राध्यापकांच्या पेन्शनपायी. तिथल्या कार्नेगी फाउंडेशननं १९०६ च्या सुमारास अट घातली की, ज्या कॉलेजांना आमच्या पैशातून प्राध्यापकांना पेन्शन द्यायचं आहे, त्यांनी हायस्कूलमध्ये ठरावीक युनिट केलेलीच पोरं घ्यावीत. एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षाला १२० तास. पेन्शनच्या लोभानं कॉलेजांनी तास मोजायला घेतले. आपण त्यातलं मोजणं तेवढं आणलं. पेन्शन राहिलं तिकडंच. प्राध्यापकीच्या नेट-सेट परीक्षा, पीएचडी झालेला माणूस तासावर राबतोय आणि उन्हाळ्यात दुकानावर बसतोय.

चार क्रेडिटची इंटर्नशिप म्हणजे १२० तास. तालुक्यात कारखाना नाही? कृषी सेवा केंद्र आहे, झेरॉक्सचं दुकान आहे. शिक्का कुणाचाही चालतो.

पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडायची सोय आहे म्हणून लई आनंदू नका. ४४ क्रेडिट झाले तरी बाहेर पडताना प्रमाणपत्र हवं असेल तर वर आणखी चार क्रेडिट करावे लागतात.

आता अनुभवालाही क्रेडिट देता येईल म्हणतात. फार चांगलं. मग बीडच्या एखाद्या पोरीनं दसऱ्यानंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला फडात जावं, पहाटे अंधारात उठून मोळ्या बांधाव्यात, पाडव्याला परत यावं आणि कॉलेजात अर्ज द्यावा. कोयत्याचे किती तास म्हणजे एक क्रेडिट, हे कुठल्या परिपत्रकात आहे? तिच्या वाट्याला एकच कागद येतो, हजेरी कमी असल्याची नोटीस.

आधार, दहावीची सनद आणि बारावीचा मार्कमेमो यांवर नाव एकाच स्पेलिंगनं असू द्या. नसेल तर सरळ नाव बदला, स्पेलिंग दुरुस्त करण्यापेक्षा ते सोपं जातं.

आता मुख्य उपाय. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे क्रेडिट जमा ठेवायच्या सरकारी ऑनलाइन बँकेत, खातं काढा. बारा आकडी नंबर मिळतो, क्रेडिट सात वर्षं टिकतात आणि या कॉलेजातले त्या कॉलेजात नेता येतात. फक्त खातं तुमचं असलं तरी भरणा तुम्हाला करता येत नाही. तो संस्थेनं करायचा. माझ्या पुतणीचं असंच खातं आहे. पहिलं वर्ष सगळ्या पेपरांत पास, दुसऱ्या वर्षाला शहरातल्या कॉलेजात जायचं ठरलं. खात्यात ४४ ऐवजी ४२. गेले कुठं दोन? योगाचे. योग हा सह-अभ्यासक्रम, दोन क्रेडिट, प्रॅक्टिकलच्या हिशोबानं ६० तास. त्यातला एकही तास झाला नाही. सेमिस्टरमध्ये एकदा मैदानावर सतरंज्या अंथरल्या, पोरींना हात वर करायला लावले, फोटो काढले, सतरंज्या गुंडाळल्या. ठीक आहे. पण त्या न झालेल्या तासांचे गुण तरी वेळेवर भरायचे! कॉलेजातले क्लार्क म्हणतात विद्यापीठात जा. विद्यापीठातल्या खिडकीवर म्हणतात प्राचार्यांचं पत्र आणा. पत्र नेलं तर म्हणे गुण भरायची लिंक बंद झाली, कॉलेजनं विलंब शुल्क भरून अर्ज करावा. कॉलेज म्हणतं, मग शुल्काचं चलन विद्यार्थिनीनं काढावं. का? गुण तिनं भरायचे होते? शहरातल्या कॉलेजात तिकडं प्रवेशाची तारीख निघून गेली. पोरगी घरी बसून मोबाइलवर ४२ चा आकडा उघडते आणि बंद करते, आणि तिचा बाप मला विचारतो, नापास झाली का रे ती?

नाही दादा, ती पास आहे. नापास ते आहेत जे एसी खोलीत बसून तासांचे तक्ते करतात आणि तालुक्याच्या कॉलेजात त्या तक्त्याला माणूस देत नाहीत. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, भारतीय ज्ञान प्रणाली, रकाने काढायला तुमचं काय जातं? किती विषयांना शिकवणारा आहे हे एकदा येऊन बघितलंत का? आणि प्राचार्य महाशय, तुम्ही ६० तास झाले म्हणून सही करता तेव्हा हात थरथरत नाही, मग दोन क्रेडिट चढवताना कसली नियमावली आठवते? पोरांच्या हजेरीचा टक्का मोजता ना, मग आपल्या ऑफिसचाही मोजा. ती लिंक उघडा, चलन तुमच्या खिशातून भरा, दोन क्रेडिट या आठवड्यात चढवा. आणि पुढच्या वर्षी योगाच्या वर्गाला खरा मास्तर द्या, नसेल तर तो विषय यादीतून काढून टाका.