वाटप आधी की धरण आधी? माणदेशातून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

माणगंगेच्या दुष्काळी खोऱ्यात सिंचनाची आखणी करताना पाण्याचं वाटप धरणाआधी ठरावं, असं मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचे आक्षेप असे: तीन हजार मिलिमीटर पावसाच्या चिपळुणात बसून पाचशे मिलिमीटरवाल्यांना काटकसर शिकवू नये, आधी धरण आणि कालवा होऊ द्या, वाटपाचं लोक आपापसात बघून घेतील, आणि उसाला नाही म्हणणारे तुम्ही कोण?

उन्हाळाभर टँकरची वाट पाहणाऱ्या गावातून हा राग येणं स्वाभाविक आहे. पण ‘वाटप मागाहून’ हे मला पटत नाही, आणि त्याचं कारण मला इथे घराजवळच दिसतं.

कोयनेचं पाणी वीज तयार करून आमच्या वाशिष्ठीत उतरतं. पश्चिमेकडे वळवायच्या या पाण्याला, राज्याराज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली. त्या पाण्यामुळे ऐन उन्हाळ्यातही नदी वाहती असते. तरी मार्चमध्ये काठाने फिरा, भाताची खाचरं पडीक दिसतील. भात कापून झालं की गुरं मोकळी सुटतात. एकट्याने कुळीथ किंवा कलिंगड करायचं तर चारी बाजूंनी कुंपण घालावं लागतं. सातबारावर डझनभर नावं, त्यातली निम्मी मुंबईत. पंप कोणी बसवायचा, बिल कोणी भरायचं, राखण कोणी करायची, यातलं काहीच ठरलेलं नाही. पाणी आहे, जमीन आहे, पण एकत्र बसून केलेला ठराव नाही. मुबलक पाण्यात जे आपोआप जमलं नाही, ते टंचाईत कसं जमेल?

उलट उदाहरण कमी पावसाच्या मुलखातलंच आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेवर फडपद्धत काही शतकं चालली. नदीवर लहान बंधारे, त्यातून निघालेले पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडलेले. एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं आणि ते दरवर्षी फिरवायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांची मजुरी शेतकऱ्यांनी द्यायची. पाणी कमी असलं तर त्या वर्षी कमी फड भिजवायचे. आमच्या खाचरांत जी राखण कोणाचीच नाही, ती तिथे पद्धतीचाच भाग होती! दुष्काळी खोऱ्यासाठी याहून शहाणी आखणी मला माहीत नाही.

आता उसाचं. तुमच्या रानात काय लावायचं ते तुम्हीच ठरवणार, पण हिशेब समोर ठेवून ठरवा. एक टीएमसी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर. कालवा आणि त्याला फुटलेल्या लहान चाऱ्यांमध्ये निम्मं जिरलं असं धरू. उरलेल्या पाण्यावर, हेक्टरी २५ हजार घनमीटर लागणारा मोकाट पाण्याचा ऊस साडेपाचशे हेक्टरांच्या आसपास होतो. त्याच पाण्यावर ज्वारी-हरभऱ्याला ७५ मिलिमीटरच्या तीन पाळ्या दिल्या तर सहा हजार हेक्टरांच्या वर रान भिजतं. ऊस एकदा वरच्या गावांत उभा राहिला की तो तोडा असं कोणी सांगू शकत नाही. त्याच्या मागे कर्ज असतं, कारखाना असतो, राजकारण असतं. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या गावाची पाळी मग कागदावरच राहते. म्हणून पाणी आठमाही (वर्षातले आठ महिने) द्यायचं की बारमाही (वर्षभर) हे कालव्याची कुदळ पडण्याआधी ठरायला हवं.

भरपूर पाणी मिळणाऱ्या शेतकऱ्याचंही यात भलं आहे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्याच्या लाभक्षेत्रात जमिनी पाणथळ आणि क्षारपड होऊ लागल्या. काळ्या रानात पाणी सोडायचं तर निचऱ्याचे चर त्याच अंदाजपत्रकात हवेत.

समन्यायी वाटप पुस्तकातच शोभतं, असंही तुम्ही लिहिलंत. पुरंदर तालुक्यातलं नायगाव तुमच्यासारख्याच पावसाचं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नव्हे, माणशी. माणशी अर्ध्या एकरापुरतं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनांनाही हक्क, ऊस बंद. हे नियम शेतकऱ्यांनीच पाळले.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, समुद्राला जाणारं पाणी उचलून माणदेशाला का देऊ नये? द्यायला माझा विरोध नाही. पण एक टीएमसी पाणी १०० मीटर उचलायला, यंत्रणेची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर, साधारण १.१ कोटी युनिट वीज लागते. कोकणातून घाटमाथ्यावर चढवायचं म्हणजे याच्या कित्येक पट. ते बिल दरवर्षी येणार, आणि त्यातला वाटा ज्वारीवाल्याने किती व उसवाल्याने किती उचलायचा, हे तुमच्या गावांच्या बैठकीत आधी ठरू द्या. तो ठराव करून योजना मागितलीत तर तिच्या बाजूने इथून लिहायला मी तयार आहे.