खिशातला चाकू आणि सात थापा

रविवारी बहिणीकडे औशाला गेलो होतो. ओसरीवर भाचा ऑनलाइन मागवलेला नवा लाल स्विस चाकू (एकाच मुठीत पातं, पेचकस अशी मिटणारी हत्यारं) उघडून बसलेला, आणि समोर आमचे अण्णा, वय 78, कान देऊन ऐकत होते. "आजोबा, साप चावला की हे पातं लायटरवर तापवायचं आन् इथं चीर द्यायची," असं म्हणत पठ्ठ्यानं स्वतःच्या पोटरीवर बोट ओढून दाखवलं. अण्णांनी मान डोलावली. माझा चहा तिथंच राहिला.

ही अक्कल मोबाइलवरून आलेली. 'शेतकऱ्याच्या खिशात स्विस चाकू : सात फायदे' हा मेसेज पंधरा दिवस झाले भावकीच्या ग्रुपवर, सोयाबीनच्या भावाच्या ग्रुपवर आणि दहावीच्या बॅचवर फिरायलाय. त्यातले दावे असे. एक, हा स्विस जवानांचा लढाईचा चाकू आहे. दोन, सहा इंचांच्या आतल्या चाकूला पोलीस हात लावू शकत नाहीत. तीन, साप चावला तर चीर देऊन विष चोखून काढा. चार, मूठ प्लास्टिकची असल्यानं चालू लाइनवर मोटारीच्या स्टार्टरचं काम करता येतं. पाच, असली चाकूला चुंबक चिकटत नाही. सहा, याला कधीच धार लावावी लागत नाही. सात, हत्यारं जितकी जास्त तितका चाकू भारी.

मी चाकूच्या विरोधात नाही हे आधी सांगतो. ठिबकच्या फिटिंगचं काम करतो, चाकू विसरला तर अनवाणी निघाल्यासारखं होतं. म्हणूनच हा मेसेज जास्त झोंबला.

तिसऱ्यापासून सुरू करू, कारण बाकीच्यांनी फार तर पैसे जातील, यानं माणूस जाईल.

आपल्याकडे जीव घेणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. घोणस आणि फुरशाचं विष रक्ताची गोठण्याची ताकदच संपवतं. दवाखान्यात डॉक्टर थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेऊन वीस मिनिटं हलवत नाहीत, मग नळी आडवी करतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं की समजायचं, विष भिनलंय. आता ज्याचं रक्त गोठायचंच थांबलंय, त्याच्या पोटरीला तुम्ही हौसेनं चीर देणार? आमच्या शेजारच्या शिवारात सोयाबीन काढताना एकाला घोणस चावली, आणि सोबतच्यानं दाढीच्या ब्लेडनं दोन चिरा दिल्या. मीच त्याला मोटरसायकलवर मधे बसवून नेलं. दाताच्या खुणा राहिल्या बाजूला, चिरांतून रक्त थांबेना. टॉवेल, त्यावर गमछा, त्यावर माझा शर्ट. डॉक्टरांनी पहिलं विचारलं ते हेच, की हे कुणी कापलं? तो वाचला, पण पोटरीवर त्या दोन चिरांचे वण अजून आहेत. सापाच्या दातांचा मागमूस नाही.

आणि मण्यारीचं काय करणार? ती रात्री चावते, खाली अंथरूण टाकून झोपलेल्याला. दात बारीक, दुखणं नाममात्र, सूज बहुतेक वेळा नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, मग श्वास अडकतो. चीर द्यायला जागा तरी कुठं सापडणार?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं 2009 साली सर्पदंशाच्या उपचारांची राष्ट्रीय नियमावली काढली. तिच्यात प्रथमोपचार चार ओळींत बसतात: धीर द्या, चावलेला हात-पाय हाड मोडल्यासारखा न हलवता ठेवा, दवाखाना गाठा, वाटेत काय काय होत गेलं ते डॉक्टरांना सांगा. कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांना तिच्यात स्पष्ट नकार आहे. त्याच नियमावलीत लिहिलंय की सापाच्या चाव्यांतले सुमारे 70 टक्के बिनविषारी सापांचे असतात, आणि विषारी सापसुद्धा निम्म्या वेळा विष सोडतच नाही. चीर देऊन, चोखून, मंत्र घालून 'बरे झालेले' लोक इथून येतात. ते तसेही बरे होणारच होते.

अण्णा म्हणाले, "आमच्या टायमाला बांधायचेच की." बांधायचे, अण्णा. त्यातले किती परत आले तेही तुम्हीच सांगितलंय मला. तेव्हा तालुक्याला जायला बैलगाडी होती. आता 108 आहे आणि या चारही सापांवर चालणारं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

अशा वेळी चाकूचा खरा उपयोग एकच: पायातला काळा दोरा, हातातला गंडा, घट्ट कडदोरा सूज चढायच्या आत कापून टाकायला. दोरा कापायचा. कातडी नाही.

चौथा दावाही तसाच जीवघेणा, फक्त मरण झटक्यात. या चाकूची मूठ म्हणजे दोन बाजूंना दोन प्लास्टिकच्या पट्ट्या. वरून बघा, पाठीच्या पोलादी स्प्रिंगा उघड्या असतात, आणि जोर लावताना बोट नेमकं तिथंच येतं. मोटारीची लाइन थ्री फेज, 415 व्होल्ट. त्यात शेतातली लाइट रात्रीची, पाय चिखलात, हात ओले. आधी मेन स्विच पाड, मग टेस्टर लाव, मग झाकणाला हात घाल. विजेच्या कामाची पक्कड आणि पेचकस वेगळे येतात, त्यांच्या मुठीवर 1000 व्होल्टची खूण असते. भाच्याला म्हटलं, या चाकूवर ती शोधून दाखव. अजून शोधतोय.

कायद्याचं म्हणाल तर इथं मला अर्धं मान्य करावं लागतंय, जिवावर येतं तरी. सहा इंचांचा आकडा कुणाच्या तरी डोक्यातून निघालाय. शस्त्र नियमांत बोललंय ते 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याबद्दल, तेही घरकामाची आणि शेतीची अवजारं वगळून. नेहमीच्या स्विस चाकूचं पातं जेमतेम सात सेंटिमीटर भरतं. म्हणजे शेतात, दुकानात चाकू ठेवण्यात सहसा अडचण नाही, हे खरं. पण 'पोलीस हात लावू शकत नाहीत' हे साफ खोटं. सणवार, मोर्चे, निवडणुका आल्या की महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37(1) खाली हत्यारबंदीचा आदेश निघतो, आणि त्यात तलवार-भाल्यांच्या पंगतीला चाकू आणि काठीसुद्धा असते. तेव्हा खिशात मेसेजची प्रिंट ठेवून उपयोग नाही. विमानातही हातातल्या पिशवीत चालत नाही, मोठ्या बॅगेत टाकून द्यावा लागतो.

चुंबकाची परीक्षा तर उलटीच आहे. ताईच्या फ्रिजवरचं चुंबक काढून स्टीलच्या ताटाला लावलं, चिकटलं नाही. विळीला लावलं, टक्‌कन बसलं. ताटाचं स्टील गंजत नाही, पण ते तापवून-विझवून कडक होत नाही, त्याला धार टिकत नाही. पात्याला कडक होणारं पोलाद लागतं आणि त्याला चुंबक चिकटतंच. चिकटलं नाही तर मात्र काळजी करा. धारेचंही तेच: गंजत नाही म्हणजे बोथट होत नाही असं नाही. मातीनं भरलेल्या दहा लॅटरल (ठिबकच्या नळ्या) कापा, मग सांगा.

लढाईचं म्हणाल तर 1891 मध्ये स्विस सैन्याला मिळालेल्या चाकूत एक पातं, एक टोच्या, डबा उघडायचं हत्यार आणि एक पेचकस होता. कशासाठी? डबाबंद जेवण उघडायला आणि रायफल खोलायला. बाटलीचं बूच काढायच्या मळसूत्राचा जो मॉडेल सगळे 'आर्मीचा' म्हणून मिरवतात, तो 1897 चा, आणि तो सैन्यानं जवानांना कधी दिलाच नाही.

राहिला सातवा. दिवसभरात मी काय कापतो? खताच्या गोणीची सुतळी, सोळा एमएमची लॅटरल, टेप, कधी पेरू. स्टार्टरच्या झाकणाचा स्क्रू, मेन पाडून. टोच्यानं लॅटरलला भोक पाडायचा मोह होतो, पण ते भोक वाकडं पडतं आणि त्यात बसवलेला ड्रिपर गळतो. त्याला पंचच लागतो. म्हणून माझ्याकडे ॲल्युमिनियमच्या मुठीचा, 'फार्मर' नावाचा मॉडेल आहे. पातं, करवत, टोच्या, डबा आणि बाटली उघडायची हत्यारं, त्यांच्याच टोकाला दोन पेचकस, बस्स. ज्याला दिवसभर नट-वायर आवळायच्यात त्यानं सरळ पक्कडवाला मल्टीटूल घ्यावा. त्याचा कर्ता टिम लेदरमन 1975 साली जुन्या फियाटमधून युरोप फिरत होता, गाडी दुरुस्त करताना खिशातल्या चाकूला पक्कड असायला हवी होती असं त्याला वाटलं, आणि त्यातून ते निघालं. आणि एक लक्षात ठेवा: साध्या स्विस चाकूचं पातं उघडल्यावर लॉक होत नाही. भोसकून जोर दिला की ते बोटांवर मिटतं.

भाच्याच्या चाकूत तीसेक हत्यारं आहेत, भिंगसुद्धा. काल रानात लॅटरल कापायला त्यानं माझाच चाकू मागितला. त्याचा जड होतो म्हणून गाडीच्या डिकीत राहिला होता, आणि गाडी बांधाच्या पलीकडं.